डेल्फ्टचा मास्तर आणि आमची विहीर

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही गॅमॅक्सिन पावडरीचा वास विसरता येईल असं मला वाटत नाही. कुबट, डोक्यात चढणारा आणि कपड्यांतून दोन दोन दिवस न जाणारा. ढेकणांसाठी ती खाटेच्या फटींत जाई, मुंग्यांसाठी उंबऱ्याच्या कडेला ओढली जाई आणि हुमणीसाठी उसात, भुईमुगात पोत्यापोत्यांनी पडे. शेतीखात्याच्या भाषेत तिचं नाव बीएचसी. आमच्या घरी तिला नुसतं पावडर म्हणत. हाताने फेकायची, हात धोतराला पुसायचे आणि न्याहारीला बसायचं, असा तो काळ होता.

१९८२ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरच्या खोपीची एक भिंत खचली. आत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हुमणीसाठी आणून ठेवलेल्या पावडरीच्या गोण्या होत्या. त्या भिजल्या, फुटल्या आणि चार दिवसांच्या पावसात त्यातलं बरंचसं विष जमिनीत मुरलं. खोपीपासून विहीर वीस-पंचवीस पावलांवर. आठवड्याभराने आजीने विहिरीच्या पाण्याचा एक घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. पाण्याला तोच वास होता. त्या दिवसापासून आई आणि काकू पलीकडच्या वस्तीवरून डोक्यावर पाणी आणू लागल्या. अण्णा कुणाशी बोलेनात. विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली होती.

मी तेव्हा पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. जिवाणू काय काय खातात हे नुकतंच शिकलो होतो आणि त्या वयात असतो तेवढा आत्मविश्वास अंगात होता. दिवाळीला घरी गेलो तेव्हा खोपीजवळची माती पिशवीत भरून घेतली आणि अण्णांना सांगून टाकलं की, हे विष खाणारे जंतू मी शोधून काढतो. ते काही बोलले नाहीत, पण पिशवीला गाठ त्यांनी स्वतः मारली.

प्रयोगशाळेत मी क्षारांच्या पाण्यात चिमूटभर माती टाकली. पावडर पाण्यात विरघळत नाही म्हणून ती अॅसिटोनमध्ये विरघळवून फ्लास्कमध्ये घातली. कल्पना अशी की, खायला दुसरं काहीच नाही, तेव्हा जो जंतू पावडर खाईल तोच वाढेल. चौथ्या दिवशी फ्लास्क गढूळ झाला. मी धावत सरांकडे गेलो. सरांनी फ्लास्क उजेडासमोर धरला आणि एवढंच विचारलं की, पावडर न घालता नुसतं अॅसिटोन घातलेला फ्लास्क कुठे आहे? तो मी ठेवलाच नव्हता. सरांच्या सांगण्यावरून ठेवला. तोही चौथ्या दिवशी तितकाच गढूळ झाला. माझे जंतू विषाला शिवलेही नव्हते. ते मजेत अॅसिटोन खात होते.

मी इतका खजील झालो की, दोन दिवस प्रयोगशाळेकडे फिरकलो नाही. मग सरांनी मला ग्रंथालयात धाडलं आणि एका डच माणसाचं चरित्र वाचायला लावलं. ही पद्धत ज्याने घालून दिली त्याची ओळख नसताना ती वापरायला गेलास, म्हणून तुझी फजिती झाली, असा त्यांचा सूर होता. त्या माणसाचं नाव मार्टिनस बायरिंक. तेव्हापासून गेली चाळीस वर्षं तो माझ्या मनात घर करून आहे. आज त्याच्याविषयी सांगायचं आहे.

बायरिंक जन्मला १६ मार्च १८५१ रोजी, अॅमस्टरडॅममध्ये. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. तो बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी पत्करावी लागली. भावंडांत मार्टिनस सगळ्यांत धाकटा. शाळेच्या खर्चाची ओढाताण, म्हणून सुरुवातीची काही वर्षं वडिलांनीच त्याला घरी शिकवलं. पुढे हार्लेमच्या शाळेत त्याला वनस्पतींचा नाद लागला. रानोमाळ हिंडून झाडपाला गोळा करायचा, नावं लावायची, वाळवून ठेवायचा. हा नाद शेवटपर्यंत सुटला नाही.

वनस्पतिशास्त्रात पोट भरत नाही हे तेव्हाही खरं होतं. एका काकांनी खर्चाचा भार उचलला आणि पोरगा डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायनशास्त्र शिकायला गेला. तिथे त्याला जोडीदार मिळाला तो फान्ट हॉफ. पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक मिळालं ते याच फान्ट हॉफला. ही दोन पोरं राहत्या खोलीत रासायनिक प्रयोग करायची. घरमालकिणीचं काय होत असेल ते आपण समजू शकतो! पण रसायनशास्त्र आणि झाडपाला या दोन्हींची गोडी एकाच डोक्यात शिरली, ती इथे. बायरिंकच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी या दोन आवडींत आहे. जिवाणूकडे डॉक्टर रोग म्हणून बघत होते. हा बघू लागला ते एक बारीकसा रासायनिक कारखाना म्हणून.

मधली वर्षं ओढगस्तीची गेली. शाळांमधून शिकवणं, मग वाखेनिंगेनच्या शेतकी शाळेत मास्तरकी, त्यातच १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट. ती होती झाडांवर येणाऱ्या गाठींवर. मास्तर म्हणून तो काही विद्यार्थिप्रिय नव्हता. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं की त्याचा पारा चढे. मन मात्र इतकं हळवं की, निराशेच्या झटक्यांनी तो वारंवार खचून जाई. संसार त्याने केला नाही. विज्ञान आणि बायको ही दोन घरं एका माणसाला सांभाळता येत नाहीत, अशी त्याची ठाम समजूत होती आणि एखाद्या साहाय्यकाने लग्न ठरवलं तर त्यालाही तो ती ऐकवी. घर सांभाळलं ते दोन अविवाहित बहिणींनी. त्यांतली हेन्रिएट चित्रकार होती. भावाच्या व्याख्यानांसाठी भिंतीवर टांगायचे मोठाले तक्ते तिने हाताने रंगवले. जगाने भावाचं नाव घेतलं. बहिणीच्या वाट्याला तक्ते आले.

१८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्याचे संचालक फान मार्केन यांनी त्याला बोलावून घेतलं आणि प्रयोगशाळा बांधून दिली. कारखानदाराने शुद्ध विज्ञानासाठी पैसा मोकळा करावा ही गोष्ट आजही सहसा घडत नाही, तेव्हा तर नवलाचीच होती. बायरिंकला मात्र सतत टोचणी लागलेली असे की, आपण पगार घेतो पण कारखान्याला आपला उपयोग नाही. कारखान्याला झाला किंवा न झाला, शेतकऱ्याला झाला. द्विदल पिकं हवेतला नत्र वापरतात आणि त्यात मुळांवरच्या गाठींचा हात असतो, हे १८८६ मध्ये जर्मनीत हेल्रीगेलने दाखवून दिलं होतं. १८८८ मध्ये बायरिंकने त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवला. आज त्याला आपण रायझोबियम म्हणतो. गुळाच्या पाण्यात कालवून तुरीच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या बियांना आपले शेतकरी जे जिवाणू संवर्धक चोळतात आणि बी सावलीत सुकवतात, त्या पाकिटाचा मूळपुरुष हा. मी वाचता वाचता थांबलो. ते पाकीट आमच्या घरी दर मोसमात येत होतं.

१८९५ मध्ये त्याच डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावलं. त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं तिथे जे घडलं त्यावर सूक्ष्मजीवशास्त्राचं निम्मं घर उभं आहे. १८९८ मध्ये तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचा रस त्याने चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू त्यातून पार होऊ शकत नाहीत, तरी रोग पार झाला. इतकंच नव्हे, तर जिवंत झाडात तो वाढतही गेला. जिवाणूपेक्षा वेगळंच काही संसर्गजन्य आहे असा निष्कर्ष त्याने काढला आणि विषाणूशास्त्राची पहिली वीट बसली. रशियात इव्हानोव्स्कीने १८९२ मध्ये असाच प्रयोग केला होता, पण त्याचा अर्थ काय हे सांगण्याचं धाडस बायरिंकचं. तंबाखूने बापाला बुडवलं, मुलाला अमर केलं.

पण माझ्यासारख्या अॅसिटोनवाल्याचं काम होतं ते त्याच्या दुसऱ्या शोधाशी. हा शोध एखाद्या जिवाणूचा नव्हता. जिवाणू शोधायचा कसा, याचा होता.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू असतात, हजारो जातींचे. त्यांतला आपल्याला हवा तो कसा निवडायचा? भिंगाखाली बघून उपयोग नाही, सगळे सारखेच ठिपके. बायरिंकने उलटा विचार केला. आपण निवडायचंच नाही, अन्नाला निवडू द्यायचं. समजा, लग्नाच्या पंगतीला हजार माणसं आहेत आणि त्यांतला कारलं आवडीने खाणारा आपल्याला हवा आहे. एकेकाला विचारत बसण्यापेक्षा पानात फक्त कारलं वाढावं, जिलबी नाही, भात नाही, ताकसुद्धा नाही, आणि चार दिवस कुणाला बाहेर जाऊ देऊ नये. शेवटी जो धडधाकट उरेल तो आपला माणूस. मग त्या फ्लास्कमधला थेंब नव्या फ्लास्कमध्ये, तिथला पुढच्यात, आपल्याकडे विरजण लावतात तसं. दर खेपेला आगंतुक मागे पडत जातात आणि ज्याचा तो पदार्थ आहे तो गर्दी करतो.

याच रीतीने १९०१ मध्ये त्याने नत्र अजिबात नसलेलं अन्न बागेतल्या मातीपुढे आणि कालव्याच्या पाण्यापुढे ठेवलं आणि हवेतून नत्र ओढणारा अॅझोटोबॅक्टर त्यातून वर आला. त्याचंही पाकीट आज आपल्या कृषी सेवा केंद्रांत मिळतं. न्यायाने सांगायचं तर या विचाराचा दुसरा जनक रशियातला विनोग्राडस्की. त्याच काळात, स्वतंत्रपणे, तोही मातीला असेच प्रश्न विचारत होता. पण ही रीत पदार्थामागून पदार्थाला लावत जाण्याचा सपाटा लावला तो डेल्फ्टने. १९०६ मध्ये बायरिंकचा विद्यार्थी सोएनखेन याने दलदलीतून निघणारा मिथेन वायू खाणारा जिवाणू काढला, पुढे १९१३ मध्ये पेट्रोल आणि पॅराफिन खाणारे काढले. जे दिव्यात जळतं ते जिवाणूच्या पोटातही जळू शकतं, ही त्या काळी अचंब्याची गोष्ट होती.

यातलं मर्म बायरिंकने जन्मभर घोटवलं. जिवाणू उपकार करत नाही. तो पोटासाठी खातो. सोपं अन्न समोर असेल तर अवघडाला तोंड लावत नाही. म्हणून प्रश्न चोख विचारायचा, पानात चुकूनही दुसरं काही पडू द्यायचं नाही, आणि आपलं उत्तर खरं की खोटं हे ठरवायला शेजारी एक रिकामं पान मांडून ठेवायचं. मी पानात अॅसिटोन वाढलं होतं.

स्वभावाने हा मास्तर अखेरपर्यंत कडूच राहिला. विद्यार्थ्यांची टर उडवी, चूक झाली की चारचौघांत काढे. त्याच्या हाताखाली काम करायला धजणारे थोडेच, आणि जे टिकले ते पोलादासारखे निघाले. १९२१ मध्ये सत्तरीला त्याला नियमाप्रमाणे निवृत्त व्हावं लागलं. ते त्याच्या जिव्हारी लागलं. बहिणींना घेऊन तो खोर्सेल नावाच्या खेड्यात राहायला गेला आणि पुन्हा झाडपाल्यात रमला. कर्करोगाने त्याला गाठलं आणि १ जानेवारी १९३१ रोजी तो गेला. नोबेल पारितोषिक त्याला मिळालं नाही.

तो गेला तेव्हा जगात पावडरीची गोणी नव्हती. डीडीटी कीडनाशक म्हणून पुढे आलं ते १९३९ नंतर. बीएचसीचा पदार्थ फॅरेडेने १८२५ मध्येच बनवला होता, पण तो किडे मारतो हे कळायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. गंमत अशी की, या पदार्थाची निरनिराळी रूपं १९१२ मध्ये वर्णन करणारा रसायनतज्ज्ञ फान डर लिंडेन हाही डचच. त्यातल्या किडे मारणाऱ्या रूपाला लिंडेन हे नाव पडलं ते त्याच्यावरून. म्हणजे विषाला नाव एका डच माणसाचं आणि विषाचा उतारा शोधण्याची रीत दुसऱ्याची. दोघेही एकाच काळातले.

बायरिंकच्या खुर्चीवर तेहतीस वर्षांचा क्लायव्हर आला आणि त्याने घराण्याची गायकी पुढे चालवली. १९२६ मध्ये त्या परंपरेतल्या डेन डोरेन डे योंगने जिवाणूंपुढे एकेक करून दोनशेच्या आसपास सेंद्रिय पदार्थ ठेवले आणि कोण काय खातो याची यादी केली. मातीतला साधा स्यूडोमोनास त्यांतले कितीतरी पदार्थ पचवतो असं निघालं. कीडनाशकांचा पूर येण्याआधीच, हे सफाई कामगार जमिनीत कामावर हजर आहेत, याची ती नोंद होती.

मग पूर आला. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ऑडस या संशोधकाने २,४-डी हे तणनाशक मातीतून पुन्हा पुन्हा फिरवलं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, मग ते झपाट्याने नाहीसं झालं. पुन्हा घातलं तर थांबणं नाहीच, लगेच नाहीसं. मातीतले जंतू ते खायला शिकले होते. १९७३ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आपले सेतुनाथन आणि जपानचे योशिदा यांनी डायझिनॉन फवारलेल्या भातखाचरातल्या पाण्यातून एक जिवाणू काढला, जो डायझिनॉन तर फोडतोच, पण पॅराथिऑनसारखं जहाल विषही फोडतो. त्याचं विकर त्या रेणूचा नेमका एक बंध तोडतं आणि विषाची नांगी मोडते. जपानमध्ये १९८९ मध्ये लिंडेन खाणारा जिवाणू सापडला. ती माती होती बारा वर्षं दर वर्षी तेच विष घातलेल्या शेतातली.

आता माझी गोष्ट पुरी करतो. सरांच्या सांगण्यावरून मी दुसऱ्यांदा मांडामांड केली. अॅसिटोन आधी पूर्ण उडवून दिलं, शेजारी रिकामं पान मांडलं आणि वाट पाहिली. सहा आठवडे फ्लास्क नितळ राहिला. वर्ष संपलं, परीक्षा आली, मी नोकरीला लागलो. अण्णांना मी पत्रात लिहिलं की जंतू सापडले नाहीत. त्यांचं उत्तर आलं त्यात ऊस, पाऊस, धाकट्या बहिणीचं स्थळ, सगळं होतं. विहिरीचं नाव नव्हतं.

१९९० मध्ये मी एका महाविद्यालयात शिकवत असताना एक शोधनिबंध हाती आला. कटकच्या भात संशोधन संस्थेतल्या सेतुनाथन यांच्या गटाने बीएचसी फोडणारा जिवाणू काढला होता. कुठल्या मातीतून? उसाच्या मुळाशी असलेल्या. मी ते वाक्य परत परत वाचलं. मी माती आणली होती खोपीजवळची, जिथे विष नुकतंच आणि एकदम सांडलं होतं. पण खोपीपासून दोनशे पावलांवर आमचा ऊस होता आणि त्याच्या मुळाशी अण्णा वर्षानुवर्षं थोडी थोडी पावडर टाकत आले होते. जंतू खायला शिकले असते तर ते तिथे. पंगत जिथे रोज बसते तिथे खवय्या शोधायचा, हे बायरिंकचं पुस्तक वाचूनही मला सुचलं नव्हतं. तिथे तो मिळालाच असता असं मी म्हणत नाही. पण विचारायचं ठिकाण ते होतं आणि मी तिथे विचारलंच नाही, ही रुखरुख मला आजही आहे.

तो जिवाणू पुढे दिल्ली विद्यापीठात बारकाईने अभ्यासला गेला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या आधाराने त्याला दूषित मातीत सोडून बघितलं गेलं. तो विष फोडतो कसा हेही कळलं. या रेणूत सहा कर्बांचं कडं असतं आणि त्यावर सहा क्लोरिन. एक विकर क्लोरिन उपटून काढतं, दुसरं क्लोरिनच्या जागी पाण्याचा अंश बसवतं, असं करत करत कडं उघडतं आणि उरतं ते जिवाणूचं रोजचं अन्न.

इथपर्यंत ऐकलं की ऐकणारा हमखास विचारतो की, मग काळजी कसली, सोडा हे जंतू सगळीकडे. वर्गातही हा प्रश्न येई. याचं उत्तर देताना मला बायरिंकसारखं कडू व्हावं लागे.

पहिलं म्हणजे सगळी विषं खाल्ली जात नाहीत. आपल्या पावडरीत लिंडेन थोडं, बाकीची रूपं जास्त. त्यांतलं बीटा नावाचं रूप किडे मारत नाही, पण त्याचे क्लोरिन अशा बेताने बसलेले असतात की विकराची किल्ली त्या कुलपात नीट फिरत नाही. ते वर्षानुवर्षं राहतं, दुधात उतरतं, शरीराच्या चरबीत साठतं. हॉलंडमध्येच हेंगेलोच्या परिसरात एका कारखान्याच्या लिंडेनच्या कचऱ्याने जमीन नासली होती. १९८८ मध्ये वाखेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी अशा मातीवर प्रयोग केले तेव्हा हवा खेळती ठेवल्यावर अल्फा रूप गेलं, बीटा हटलं नाही. हे वाखेनिंगेन म्हणजे तेच, जिथे बायरिंकने मास्तरकी केली होती.

दुसरं म्हणजे अर्धवट खाणं. डीडीटीचं डीडीई होतं आणि तेही तितकंच चिवट. एंडोसल्फानचं सल्फेट होतं, ते मूळ विषाइतकंच घातक आणि जास्त टिकाऊ. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर बंदी घातली तोवर केरळच्या कासारगोडमध्ये एका पिढीने त्याची किंमत मोजली होती. जिवाणूने विष नाहीसं केलं असं यंत्र सांगतं, तेव्हा ते गेलं कुठे हेही विचारावं लागतं.

आणि तिसरं, फ्लास्कमधला पहिलवान शेतात गेला की बहुतेकदा उपाशी मरतो. तिथे आधीपासूनचे रहिवासी असतात, ऊन असतं, कोरड असते आणि विष मातीच्या कणाला असं चिकटलेलं असतं की जंतूच्या तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणून पुष्कळदा नवा जंतू सोडण्यापेक्षा तिथल्याच जंतूंना शेणखत, ओल आणि हवा देऊन कामाला लावणं जास्त गुणकारी ठरतं. पण त्याला वेळ लागतो. आपण मात्र एक विष पचायच्या आत दुसरं आणतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारता फवारता शेतकरी आणि मजूर विषबाधेने मेले. ज्याच्या नाकातोंडात विष गेलं त्याला वाचवायला कुठलाही जिवाणू येत नाही. जिवाणू येतो तो मागाहून, झाडू घेऊन.

बीएचसीवर आपल्याकडे १९९७ मध्ये बंदी आली, २००९ मध्ये जगभरच्या घातक रसायनांच्या यादीत तिची प्रमुख रूपं गेली. आजी तोवर राहिली नव्हती. अण्णांनी विहीर बुजवली नाही. खोपीजवळची माती त्यांनी उकरून काढली नाही, काढून टाकायची तरी कुठे? दर उन्हाळ्यात मात्र ते तिथे शेणखताची एक गाडी रिकामी करत आणि माती खालीवर करत. मी त्यांना कधी काही शिकवलं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले की, जमिनीला खायला घातलं की ती आपलं आपण बघते.

ते बरोबर होतं आणि पुरेसं नव्हतं. पाण्याचा वास काही वर्षांनी गेला, पण वास गेला म्हणजे विष गेलं असं नव्हे, हे मला ठाऊक होतं. म्हणून ते पाणी आम्ही प्यायलो नाही, अजूनही पीत नाही. नातवंडं सुट्टीत आली की विहिरीत डोकावतात, दगड टाकतात आणि एवढं पाणी असून ते का प्यायचं नाही असं विचारतात. मी त्यांना डेल्फ्टच्या मास्तराची गोष्ट सांगतो. कारल्याच्या पंगतीवर ती खूप हसतात. गोष्ट संपली की धाकटी नेमकं विचारते की, मग जंतूंनी सगळं खाल्लं का? मी सांगतो की, त्यांना येतं तेवढं त्यांनी खाल्लं, राहिलेलं आपण सांडलेलं आहे.